सदोष भयकृतींचे आकर्षण : रामसे बंधूंचे चित्रपट आणि ‘डेडली प्रीमोनिशन’

प्रस्तावना :
कलाकृतीतील दोष रसास्वादाला बाधक ठरतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र काही अल्पखर्चिक भयकृती दोषांसह, किंबहुना दोषांमुळेच, निष्ठावंत चाहतावर्ग निर्माण करतात. या विसंगतीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रामसे बंधूंची निर्मितिपद्धती :
महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे रामसे कुटुंब. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांच्या सात पुत्रांनी चित्रपटनिर्मिती हा घरगुती व्यवसाय बनविला. कुमार लेखन, गंगू छायाचित्रण, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तर तुलसी व श्याम दिग्दर्शन सांभाळीत. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या चित्रपटास अपयश आले. परंतु त्यातील मुखवटाधारी चोरीच्या प्रसंगाने प्रेक्षक दचकतात, हे तुलसी व श्याम यांनी हेरले. त्यातूनच ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा भयपट साकारला. महाबळेश्वर येथे मोजक्या लोकांसह त्याचे चित्रीकरण झाले. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) अत्यंत यशस्वी ठरला. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ या मालिकेद्वारे ही शैली घराघरांत पोहोचली. रंगभूषेतील ढोबळपणा, कथेतील पुनरावृत्ती आणि अनाठायी विनोद हे दोष मात्र कायम राहिले.

व्हिडिओ गेममधील समांतर उदाहरण :
जपानी दिग्दर्शक हिदेताका सुएहिरो यांचा ‘डेडली प्रीमोनिशन’ हा गेम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कालबाह्य दृश्ये, वाहन चालविण्यातील अवघडपणा व प्रसंगाशी न जुळणारे संगीत यांमुळे एका समीक्षकाने त्यास १० पैकी २, तर दुसऱ्याने पूर्ण १० गुण दिले. समीक्षकांत सर्वाधिक मतभेद घडविणारा या प्रकारातील गेम म्हणून त्याची नोंद गिनेस बुकात झाली. असे असूनही त्यातील गावकऱ्यांचा घड्याळानुसार चालणारा दिनक्रम आणि स्वतःशीच संवाद साधणारा तपास-अधिकारी खेळणाऱ्याच्या मनात घर करतात.

रसव्यवस्थेच्या आधारे स्पष्टीकरण :
भरताच्या नाट्यशास्त्रात ‘विकृत’ ही कल्पना दोन रसांच्या विभावांत येते. विकृत वेष व अलंकार हास्याचे, तर विकृत ध्वनी व भूतदर्शन भयानकाचे कारण होते. म्हणजे दोन्ही रसांच्या सीमा परस्परांस भिडलेल्या आहेत. रंगभूषा फसली की भय हास्यात उतरते. पण अंधार, एकांत व ध्वनी यांचा प्रभाव टिकून असल्यास हास्य पुन्हा भयाकडे वळते. ही दोलायमान अवस्था सफाईदार कृतीत क्वचितच अनुभवास येते. शिवाय दोषांतून निर्मात्याचा हात दिसतो. साधने अपुरी असूनही कल्पना सोडून न देणाऱ्या माणसाविषयी प्रेक्षकास आपुलकी वाटते. केवळ वाईट असणे मात्र पुरेसे नसते. निर्मात्याची निष्ठा खरी असावी लागते. हेतुपुरस्सर घडविलेली सदोषता म्हणूनच सहसा निष्प्रभ ठरते.

मर्यादा :
या आपुलकीमुळे चिकित्सा थांबता कामा नये. रामसेपटांतील स्त्रीदेहाचे प्रदर्शन आक्षेपार्ह आहे. ‘पुराना मंदिर’मधील सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची व वेगळी चेहरेपट्टी भयाचे साधन बनली. शारीरिक वेगळेपण म्हणजे राक्षसीपण, हे समीकरण तपासणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
बीड जिल्ह्यातील लिंबागणेशसारख्या गावांतून येणारा विद्यार्थी आज भ्रमणध्वनीवर असे चित्रपट व गेम सहज पाहतो. वर्गात त्यांची केवळ टर उडविली, तर त्याच्या अनुभवविश्वाचा एक भाग अभ्यासाबाहेर राहतो. केवळ कौतुक केले, तर विवेक राहत नाही. कृती का फसली आणि फसूनही का उरली, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणे हीच रसग्रहणाची खरी कसोटी होय.