न विचारलेला प्रश्न : माहितीचा शोध आणि सामाजिक संदर्भ

ज्याला माहिती हवी असते तो ती शोधतो आणि जो शोधत नाही त्याला तिची गरज नसते, असे आपण सहज गृहीत धरतो. अमेरिकन अभ्यासक एल्फ्रेडा चॅटमन यांनी या गृहीतकालाच हात घातला. विद्यापीठातील सफाई कामगार, निवृत्त स्त्रियांची वसाहत, स्त्रियांचा तुरुंग अशा ठिकाणी जाऊन माणसे माहितीचे नेमके काय करतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

यांपैकी निवृत्त स्त्रियांचे उदाहरण विशेष बोलके आहे. शेजारीशेजारी राहणाऱ्या या स्त्रिया आपले आजारपण वा एकटेपणा एकमेकींपाशी उघड करीत नसत. दुखणे कळले तर 'हिला आता स्वतंत्रपणे राहणे झेपत नाही' असे ठरेल आणि शुश्रूषागृहात जावे लागेल, ही भीती त्यामागे होती. म्हणजे ज्या बाबतीत मदत हवी, त्याच बाबतीत विचारणे धोक्याचे होते. या मौनाला अज्ञान म्हणता येणार नाही. तो परिस्थितीचा अचूक अंदाज होता. १९९६ साली चॅटमन यांनी 'माहिती-दारिद्र्या'ची मांडणी केली. तीत गुप्तता, फसवी वर्तणूक, धोका पत्करण्याची तयारी आणि माहितीची प्रसंगोचितता या चार संकल्पनांना मध्यवर्ती स्थान आहे. येथे दारिद्र्य म्हणजे पैशाचा अभाव नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

तुरुंगातील स्त्रियांच्या अभ्यासावरून १९९९ साली त्यांनी आणखी एक विचार मांडला. बाहेरच्या जगातील ज्या घडामोडींवर आपला काहीच ताबा नाही, त्यांची माहिती या स्त्रियांना निरुपयोगी वाटे. तुरुंगातील दैनंदिन व्यवहाराची माहिती मात्र मोलाची ठरे. कोणती गोष्ट जाणून घेण्याजोगी, हे त्या छोट्या जगाचे संकेत ठरवीत. अशा जगाची सीमा ओलांडून माणूस माहितीसाठी केव्हा बाहेर पडतो? ती माहिती अत्यंत निकडीची वाटली, ती महत्त्वाची आहे अशी समूहाचीही धारणा असली, किंवा नेहमीचे जगणेच विस्कटले, तर.

प्रौढपणी पुन्हा शिकू लागलेल्यांना यातले काही ओळखीचे वाटेल. अभ्यासकेंद्रावर वयाने लहान सहाध्यायांसमोर शंका विचारण्यापूर्वी मनात जो हिशेब होतो, तो याच जातीचा असतो. तेथे पुस्तक हाताशी असते, शिक्षकही समोर असतात. तरीही प्रश्न तोंडातून बाहेर पडत नाही, आणि शंका समाधान झाल्याच्या चेहऱ्याने वहीत दडून राहते.