तुरुंगाच्या दारापर्यंतचें भाडें

न्यायाधीश शिक्षा सांगतो ती एका मनुष्यास. परंतु तिचा कांहीं भाग त्याच्या घरांतील माणसांस, कोणताही अपराध नसतां, भोगावा लागतो. कर्त्या पुरुषाची मिळकत बंद होते, आणि त्याच वेळीं त्याच्या भेटीसाठीं प्रवासाचा नवा खर्च उभा राहतो. तुरुंगाच्या भाषेंत या भेटीस ‘मुलाखत’ म्हणतात. मुलाखतीचा हक्क असला, तरी दूरच्या तुरुंगापर्यंतचें भाडें जवळ नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. या भाड्याचा विचार कोणीं करावा, हा आमचा आजचा विषय आहे.

महाराष्ट्रास ही व्यथा नवी नाहीं. बाबाराव सावरकर यांस १९०९ सालीं जन्मठेप होऊन पुढें त्यांची रवानगी अंदमानास झाली. धाकटे बंधु विनायकराव १९११ सालीं तेथेंच पोंचले. मध्यें सुमारें १२०० किलोमीटरांचा समुद्र. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांनीं भेटीची वाट पाहत वर्षें कंठलीं आणि १९१९ सालीं त्या निवर्तल्या. त्याच वर्षीं बंधु नारायणराव व विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई यांस परवानगी मिळून तीं उभयतां अंदमानास जाऊन आलीं. येसूवहिनींची भेट मात्र कायमची राहून गेली.

अशा वेळीं समाजास काय करतां येतें, याचें उदाहरण दक्षिण आफ्रिकेंत सांपडतें. नेल्सन मंडेला यांस १९६४ सालीं केपटाऊनजवळच्या रॉबेन बेटावर ठेवण्यांत आलें. प्रारंभीं सहा महिन्यांतून एकदां एकाच व्यक्तीची अर्ध्या तासाची भेट मिळे. आणि तेवढ्यासाठीं जोहान्सबर्गच्या घरून सुमारें १४०० किलोमीटर यावें लागे. अशा राजबंद्यांच्या कुटुंबांस पुढें तेथील चर्च-परिषदेच्या साह्यानें प्रवासखर्च मिळूं लागला, व केपटाऊनमध्यें कौली हाऊस नांवाच्या वास्तूंत त्यांच्या उतरण्याची सोय झाली. आपल्याकडे क्षेत्राच्या ठिकाणीं धर्मशाळा असते, तसेंच हें घर; येथील यात्रेकरूंचें दैवत तेवढें गजांआड होतें.

राजबंद्यांविषयीं सहानुभूति वाटणें सोपें आहे. चोरी वा मारामारी करून तुरुंगांत गेलेल्याच्या आईस भाडें कां द्यावें, असें आमचे वाचक विचारतील. इंग्लंड व वेल्स येथें सरकार तें देतें. अल्प उत्पन्नाच्या जवळच्या नातलगानें भेटीनंतर २८ दिवसांच्या आंत अर्ज केला असतां आगगाडीचें वा बसचें भाडें, व प्रसंगीं रात्रीच्या मुक्कामाचा खर्चही मिळतो. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यानें १९७३ सालीं कैद्यांच्या कुटुंबांसाठीं मोफत बस सुरू केली. २०११ सालीं काटकसरीसाठीं ती बंद झाली. त्या राज्याचा डॅनमोरा येथील तुरुंग न्यूयॉर्क शहरापासून सुमारें ५०० किलोमीटरांवर आहे. बस बंद झाली म्हणून तुरुंग कांहीं जवळ आला नाहीं.

हा खर्च केवळ दयेचा नव्हे. अमेरिकेंतीलच मिनेसोटा राज्याच्या तुरुंग-खात्यानें २००३ ते २००७ या काळांत सुटलेल्या १६,४२० कैद्यांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध केली. ज्यांस भेटावयास कोणी आलें होतें, त्यांच्यांत पुन्हां गंभीर गुन्ह्यासाठीं दोषी ठरण्याचा संभव १३ टक्क्यांनीं कमी आढळला. केवळ भेटीचाच हा परिणाम, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु सुटल्यावर मनुष्यानें जावयाचें तें घराकडेच. तें घर तोंडओळखीपुरतेंच उरलें असेल, तर त्याचीं पावलें तिकडे वळणार कशीं? कैद्यास शक्यतों घराजवळच्या तुरुंगांत ठेवावें, असें संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नियमांत म्हटलें आहे, त्याचें मर्म हेंच.

आपल्या देशांत आतां ‘ई-मुलाखती’ची सोय झाली आहे, ती स्वागतार्हच, तथापि पडद्यावर मुलाचें तोंड पाहून आईचें समाधान होत नाहीं. वाचकांच्या आळींतही असें एखादें घर असेल. तेथें अपराधाची चौकशी न करितां अर्ज लिहून द्यावा, गाडीची वेळ पाहून द्यावी, मुलें दोन दिवस आपल्या पंक्तीस घ्यावीं, आणि जाण्यायेण्याचें तिकीट हातीं ठेवावें. कैद्याची शिक्षा यानें एका दिवसानेंही कमी होत नाहीं. ज्यांस शिक्षा झालीच नव्हती, त्यांची मात्र होते.