‘मंडळी’ म्हणजे कोण?

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. छावणीत राहणाऱ्याला क्राइस्ट चर्च आठवतं, जालना रोडवरून रोज जाणाऱ्याला सेंट फ्रान्सिस. मराठी बायबलमध्ये मात्र या अर्थी शब्द येतो तो ‘मंडळी’. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे हाक मारून बोलावलेल्या लोकांची सभा. उर्दूत त्याचंच ‘कलीसा’ झालं आणि आमच्या शायरांनी ते मंदिर-मशिदीच्या शेजारी नेऊन बसवलं, म्हणजे पुन्हा इमारतच केली. मराठी भाषांतरकारांनी माणसं राखली. गंमत अशी, की जुन्या पिढीतले गृहस्थ बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करत, आणि नव्या करारात मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हटलेलं आहे. हा योगायोगच असणार, पण मला तो फार आवडतो.

मंडळीला आणखी एक उपमा आहे, शरीराची. ख्रिस्त मस्तक आणि माणसं अवयव. एक अवयव दुखला की सगळं शरीर दुखतं. ही उपमा आपल्या मातीत आणून पाहणं सोपं नव्हतं. जालन्याजवळचं बेथेल घ्या. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते स्कॉटिश मिशनचे पाळक झाले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचं एक गावच वसवलं. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांना तिथं गावात घर मिळालं. बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचं घर. मुसलमान राजवटीतली जमीन, ब्राह्मण घरातला पाळक आणि मांग-महार वस्तीतून आलेली माणसं! शरीराच्या उपमेची परीक्षा याहून कठीण कुठली असेल?

मंडळीत कोण बसतं आणि दाराबाहेर कोण राहतं, हा प्रश्न मात्र तेवढ्यानं सुटला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो याच प्रश्नातून. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य असेल तो आपला, अशी त्यांची भूमिका. कवीच तो. दाराला उंबरा ठेवायलाच तयार नव्हता.

बरं, ही मंडळी केवळ जिवंतांची नाही. मेलेलेही तिच्यातच मोजतात. रोमन कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात, कारण मृत्यूनंतर आत्म्याच्या शुद्धीची एक अवस्था ते मानतात. २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात त्या त्यासाठी. प्रोटेस्टंटांना ही शुद्धीची कल्पना मान्य नाही. पण मेलेला माणूस मंडळीतून उठून गेला, असं कुणीच म्हणत नाही.

इथून पुढचा भाग आपल्याकडे हमखास चुकतो. एका ख्रिस्ती स्नेह्याच्या दफनाला मी गेलो होतो. कबरीवर माती टाकून झाल्यावर त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका सज्जन गृहस्थांनी वहिनींचं सांत्वन केलं, ‘पुण्यवान माणूस होता, चांगल्या घरी जन्म घेईल.’ मनापासूनच बोलले. वहिनींनी हात जोडले, पण मुलगी एकदम त्यांच्याकडे बघायला लागली. तिला तिचे वडील परत हवे होते. दुसऱ्या घरचं बाळ होऊन आलेले नव्हे, तेच. त्यांच्या धर्माने तिला तेच वचन दिलेलं आहे.

पुनर्जन्म आणि पुनरुत्थान हे शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे वाटतात, पण नातं काही नाही. पुनर्जन्मात आत्मा तोच आणि देह दुसरा. पुनरुत्थानात माणूस तोच, आपल्या शरीरासह उठलेला, फक्त ते शरीर आता मरणार नाही, असा विश्वास. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला, म्हणून त्याची माणसंही उठतील. म्हणूनच ईस्टरच्या पहाटे काही मंडळ्या दफनभूमीत जमून गातात. स्मशानात सण कसा, असं बाहेरच्याला वाटतं.

दहनाला इतकी वर्षं विरोध झाला, तोही यातूनच. देह जाळणं म्हणजे पुनरुत्थान नाकारणं, असा अर्थ लावला जाई. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला परवानगी दिली. मात्र राख उधळू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी जपावी, असं २०१६ साली रोमहून पुन्हा बजावलं गेलं.

माझ्या घरात कयामत हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. कबरीतून उठणं आम्हाला परकं नाही. हजरत ईसा परत येणार, हेही आम्ही मानतो. फरक आहे, आणि तो लहान नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे ते क्रुसावर मेलेच नाहीत, अल्लाहने त्यांना उचलून घेतलं आणि शेवटचा न्याय अल्लाहच करील. ख्रिस्ती माणसासाठी क्रुसावरचं ते मरण हाच सगळ्याचा पाया, आणि न्यायासनावर बसणारा ख्रिस्तच. तो दिवस कधी, हे मात्र बायबलप्रमाणे आणि कुरआनप्रमाणेही माणसाला ठाऊक नाही. तरी तारखा सांगणारे दर पिढीत निघतातच.

त्या न्यायाचं चित्र मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. राजा विचारतो ते साधं आहे. भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला वस्त्र दिलं का, आजाऱ्याला, कैद्याला भेटलात का? जे त्यांच्यासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं, असं तो सांगतो. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात जवळजवळ हेच चित्र आहे. तिथं अल्लाह माणसाला म्हणतो, मी आजारी होतो, तू भेटायला आला नाहीस. आणि दोन्हीकडे माणूस गोंधळून विचारतो. एकीकडे, की असं कधी झालं, तुला मी पाहिलंच कुठे? आणि दुसरीकडे, की तू तर साऱ्या जगाचा पालनकर्ता, तुला मी भेटणार तरी कसा?