पोरगी हुशार आहे; पाठवायचं का?

समजा, सांगवीतले एक घर आहे. बारामती-फलटण रस्त्याच्या बाजूला, नीरा नदीच्या अलीकडे. घरातली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. वडील कारखान्यावरून उसाच्या वजनाची पावती घेऊन आले की टन आणि दर यांचा गुणाकार ती तोंडी करून मोकळी होते. वर्गात बाईंचे गणित फळ्यावर पुरते लिहून होण्याआधी हिचे उत्तर तयार असते. एक दिवस बाई निरोप धाडतात, "हिला नवोदयच्या परीक्षेला बसवा. पुण्यात प्रज्ञावंत मुलांसाठी वर्ग असतात, तिथलीही चाचणी देऊन बघा."

रात्री जेवणे झाल्यावर चर्चा सुरू होते. वडिलांना वाटते, संधी दारात आली आहे. आजी म्हणते, "दहा वर्षांचं लेकरू, घरापासनं लांब कसं राहायचं?" आई दोघांचेही ऐकते आणि मुलीकडे बघते. मुलीला मात्र अजून कोणीच काही विचारलेले नाही.

हे घर कल्पनेतले असले, तरी अशी चर्चा अनेक घरांत होते. आणि बहुतेक वेळा ती एकाच प्रश्नाभोवती फिरते: मूल खरोखर तेवढे हुशार आहे का? मानसशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की या मुलाला आज जे हवे आहे आणि मिळत नाही, ते त्या कार्यक्रमात मिळणार आहे का?

चाचणी काय सांगते?

बुद्धिमापनाची पहिली उपयोगी चाचणी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. म्हणजे या चाचण्यांचा जन्मच मुळी मुलाची गरज शोधण्यासाठी झाला. पुढे तिचे गुण मिरवायची गोष्ट झाली, हा नंतरचा प्रकार.

आजच्या प्रचलित चाचण्यांत सरासरी बुद्ध्यंक १०० धरतात. १३० किंवा त्याहून जास्त बुद्ध्यंक शंभरात साधारण दोघांचा असतो. म्हणजे अशी मुले दुर्मीळ असली, तरी दोनशे मुलांच्या शाळेत तीन-चार असू शकतात. ती फक्त शहरातच जन्मतात असे नाही.

पण हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. त्याच मुलाची चाचणी पुन्हा घेतली तर चार-पाच गुणांचा फरक सहज पडतो. मूल तापातून उठलेले असेल, रात्री झोप झाली नसेल, चाचणीची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी असेल, तर गुण कमी दिसतात. तशाच प्रश्नांचा भरपूर सराव करून घेतला तर ते जास्त दिसतात. लहान वयात तर ते आणखी हलतात. त्यामुळे १२८ आले म्हणून रडण्यात आणि १३१ आले म्हणून पेढे वाटण्यात फारसा अर्थ नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियात चाचण्या घेऊन दीड हजारांवर बुद्धिमान मुले निवडली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचा अभ्यास केला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांना त्या निवडीत जागा मिळाली नव्हती. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये. निवडलेल्या मुलांपैकी अनेकांनी आयुष्यात चांगले यश मिळवले, पण नोबेल एकालाही मिळाले नाही.

जोसेफ रेन्झुली या शिक्षणतज्ज्ञाने १९७८ मध्ये याची वेगळी मांडणी केली. सरासरीहून वरची क्षमता, नवे सुचण्याची शक्ती आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, या तिन्ही गोष्टी जुळतात तेव्हा असामान्य काम होते, असे त्यांचे म्हणणे. चिकाटी दोन तासांच्या परीक्षेत दिसत नाही. ती घरी दिसते. रेडिओ उघडून बसलेले मूल जेवायला हाका मारूनही उठत नसेल, तर तीही एक नोंद आहे.

आपल्याकडच्या वाटा

महाराष्ट्रात या क्षेत्रातले सर्वांत जुने नाव पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ती स्थापन केली. सुरुवात झाली ती शाळेच्या वेळेबाहेरच्या पूरक वर्गांनी. मुले आपापल्या शाळेतच राहिली आणि जादा खुराक तेवढा प्रबोधिनीत मिळाला. स्वतंत्र प्रशाला निघाली ती १९६९ मध्ये. शाळा न सोडता पूरक शिक्षण घेणे आणि पूर्णवेळ वेगळ्या शाळेत जाणे, हे दोन पर्याय आजही पालकांसमोर असतात आणि त्यांची किंमत सारखी नसते.

ग्रामीण मुलांसाठी मोठी वाट जवाहर नवोदय विद्यालयाची. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तिला जागा मिळाली. देशातल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीत निघाले, दुसरे हरियाणातल्या झज्जरला. पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप येथे आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असताना परीक्षा होते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे, उरलेले अंकगणित आणि भाषेचे.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. ही परीक्षा एकदाच देता येते. आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवले जाते. राष्ट्रीय एकात्मतेसाठी ही योजना चांगली असली, तरी आजीच्या प्रश्नाला उत्तर देताना ती लपवून चालणार नाही. उलट वडिलांनाही सांगायला हवे, की पाचवीत हुकले म्हणून सगळे संपत नाही. नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते.

वासरात लंगडी गाय

गावच्या वर्गात पहिली येणारी मुलगी निवडक मुलांच्या वर्गात गेली की एखाद्या चाचणीत पंचविसावी येते. तिची बुद्धी कमी झालेली नसते, शेजारी बदललेले असतात. वासरात लंगडी गाय शहाणी ही म्हण आपण चेष्टेने वापरतो, पण तिची उलटी बाजूही खरी आहे. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून हे दाखवून दिले आहे. सारख्याच क्षमतेच्या दोन मुलांपैकी निवडक शाळेत गेलेल्या मुलाचे अभ्यासाबाबतचे स्वतःविषयीचे मत सरासरीने खालावते. 'आपण काही एवढे हुशार नाही' असे ते समजू लागते.

मग न पाठवणेच बरे का? तसेही नाही. ज्या मुलाला सगळे आपोआप येते, त्याला अडण्याची सवयच लागत नाही. आठवी-नववीत पहिल्यांदा गणित अडले की ते घाबरते, कारण अडल्यावर काय करायचे हे ते कधी शिकलेलेच नसते. कंटाळलेली हुशार मुले वर्गात खोड्या काढतात, तर काही मुली उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत. अमेरिकेत १९७१ मध्ये ज्युलियन स्टॅन्ली यांनी गणितात पुढे असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्या मुलांच्या पन्नाशीतल्या पाहणीत असे दिसले, की शाळेत वेगाने पुढे जाऊ दिल्यामुळे त्यांच्या मानसिक स्वास्थ्याचे नुकसान झालेले नव्हते. म्हणजे वरचे आव्हान स्वतः घातक नसते. ते मुलाला पेलणारे आहे का आणि अडल्यावर सोबत कोण आहे, यावर बरेच ठरते.

इथे घरच्यांच्या बोलण्यालाही वजन असते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्याच मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे म्हटले, काहींना 'तू मेहनत घेतलीस' असे. हुशारीची शाबासकी मिळालेल्या मुलांनी पुढे सोपी कामे निवडली आणि अपयश आल्यावर ती जास्त ढेपाळली. पाहुण्यांसमोर 'आमची जीनियस' म्हणून मुलीला उभे करण्याआधी हे आठवावे.

शरीराची तक्रार ऐका

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. सांगवीहून पुणे शंभर किलोमीटरहून लांब. रविवारच्या वर्गासाठी पहाटे उठून एसटी गाठायची आणि रात्री परतायचे, तर सुटीचा एकुलता एक दिवस प्रवासात जातो. महिन्यातून एकदा हे जमेल. दर आठवड्याला जमेल का, हे घड्याळ आणि खर्चाची वही समोर ठेवून बघावे.

वर्गाच्या दिवशीच पोट दुखणे, डोके दुखणे, झोपेत दचकणे, नखे खाणे, एका चुकीसाठी अख्खे पान फाडणे, या गोष्टींना नाटक म्हणू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. शारीरिक कारण सापडले नाही, तर तो ताण मानावा आणि वेग कमी करावा. गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी. आणखी एक. बोलण्यात तल्लख, पण लिहिण्या-वाचण्यात सतत मागे पडणारी मुलेही असतात. अशा मुलाला आळशी ठरवण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. उच्च बुद्धी आणि वाचनाची अडचण एकाच मुलात असू शकते.

ठरवण्याआधीचे पाच प्रश्न

पहिला: मुलाला काय हवे आहे? अवघड गणिते, बरोबरीची सोबत, प्रयोगाची साधने की नुसता वेळ? दुसरा: कार्यक्रमात खरोखर वेगळे काय होते? पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम घाईने उरकणे म्हणजे प्रज्ञाविकास नव्हे. मुले प्रश्न विचारतात का, हातांनी काही करतात का, हे एक तास बसून बघू द्या म्हणावे. तिसरा: मूल मागे पडले किंवा रडले तर तिथे कोणाशी बोलायचे? चौथा: परत यायची वाट आहे का? तीन महिन्यांनी पुन्हा विचार करू, नाही जमले तर परत ये, कोणी हसणार नाही, हे आधीच सांगावे. पाचवा: मुलाला जायचे आहे का? दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने निर्णय घेऊ नये, पण त्याच्याशिवायही तो होऊ नये.

कधी उत्तर 'सध्या नको' असे येईल. तेव्हा हात बांधून बसायची गरज नाही. बाईंना सांगून गणितात सहावी-सातवीचे उतारे आणि कोडी मागता येतात. शाळेच्या पेटीतली पुस्तके घरी आणता येतात. जवळच माळेगावला शारदानगर परिसरात ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे विज्ञान केंद्र आहे, तिथे एक दिवस काढता येतो. नीरेच्या पाण्याची पातळी दर रविवारी मोजून वहीत लिहिणे, एका सरीतल्या उसाची वाढ महिनाभर नोंदवणे, हीदेखील संशोधनाचीच सुरुवात आहे आणि तिला फी लागत नाही.

आता पुन्हा त्या घरात येऊ. वडिलांची घाई चुकीची नाही आणि आजीची काळजीही. फरक इतकाच पडायला हवा, की उद्या रात्री जेवणे झाल्यावर पहिला प्रश्न मुलीला विचारला जावा, "तुला शाळेत कशाचा कंटाळा येतो आणि काय केलं की वेळ कसा जातो ते कळत नाही?" तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. फॉर्म भरायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.