चला, चालत बेटावर!

दोस्तांनो, खडकीला मुळेच्या काठावरून कागदाची होडी सोडली, तर ती कुठल्या समुद्राला जाईल? अरबी समुद्र जवळ, म्हणून तिकडे? छे! मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत ती पार बंगालच्या उपसागराला पोचेल! आपल्याला जवळचा समुद्र हवा, तर उलट दिशेला बोरघाट उतरायचा. खोपोली, पेण मागे टाकलं की आलं अलिबाग. तिथे समुद्रात कुलाबा किल्ला आहे आणि त्या बेटावर चक्क चालत जाता येतं! मात्र ओहोटी असेल तरच.

ओहोटी कधी, ते घरातल्या कॅलेंडरवरून काढता येतं. कोकणातली जुनी युक्ती आहे : तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती साधारण ३ वाजता, पहाटे आणि दुपारीही. मधे, सकाळी ९ च्या सुमाराला ओहोटी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पुढे सरकते. अर्थात हा अंदाज झाला. किनाऱ्यावरच्या कोळीदादांना विचारल्याशिवाय निघायचं नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं ओसरत नाही. पावसाळ्यात तर हा बेतच नको.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा. पायात जुने बूट हवेतच, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. खळग्यांत साठलेल्या पाण्याजवळ जरा शांत बसा. एखादा शंख तुरुतुरु चालू लागला, तर दचकू नका. आत खेकडा राहतो! त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो गोगलगाईचा रिकामा शंख घर म्हणून वापरतो आणि वाढला की मोठं घर शोधतो. तेव्हा शंख खिशात घालू नका हं, ते कुणाचं तरी पुढचं घर असेल.

किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी पुरा केला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. तटाचे थोराड दगड चुन्याशिवाय रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा पाहा, त्यांवर १८४९ साल कोरलंय. भोवती खारं पाणी, पण आत गोड्या पाण्याची विहीर!

पण खरी कसोटी आता आहे. भरती गाजावाजा करत येत नाही. तुम्ही तटावर कोरडे असता आणि वाटेतला सखल भाग गुपचूप भरून जातो. म्हणून टोळीतल्या एकाला ‘घड्याळजी’ नेमा. पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासाने तो ‘परत!’ म्हणाला, की कुणीही ‘पाचच मिनिटं रे’ म्हणायचं नाही. उशीर झालाच, तर पाण्यात उतरायचं नाही. किल्ल्यातच थांबायचं आणि होडी मागवायची. आणि हो, टोळीबरोबर आई-बाबा किंवा सर हवेतच.

मग काय, काढा भिंतीवरचं कॅलेंडर! येत्या रविवारी कुठली तिथी आहे? भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता? गणित मांडा आणि बाबांना दाखवा. उत्तर जमलं, तर सहलीचा विषय काढायला हरकत नाही!