स्वयंसेवेलाही दर्जा हवा

उर्दूत स्वयंसेवकाला रझाकार म्हणतात. निजामी राजवटीच्या अखेरीस कासीम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यात जे अत्याचार केले, त्यामुळे परभणीसारख्या जिल्ह्यात १९४८ नंतर हा शब्द शिवीप्रमाणेच उरला. त्याच काळात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचे कार्यकर्तेही स्वेच्छेनेच तुरुंगात जात होते. केवळ स्वेच्छेने पुढे येण्याने कार्य पवित्र होत नाही, हे या भूमीला कोणी शिकवावे असे नाही.

तरीही आपल्या सेवाभावी संस्थांत आजही एक समजूत रूढ आहे. जो विनावेतन येतो त्याला काम नीट समजावून सांगण्याची, त्याचा प्रवासखर्च देण्याची वा त्याची तक्रार ऐकण्याची गरज नाही, ही ती समजूत. आणि ज्यांची सेवा करायची त्यांनी तर केवळ कृतज्ञ राहावे! ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली, तेव्हा राज्यभरातून मदतीचा ओघ लोटला. अशा आपत्तीत उत्साहाची वाण पडत नाही; वाण पडते ती कोणी, कोठे, कोणाच्या सूचनेने काम करावयाचे हे ठरविणाऱ्या हाताची.

ब्रिटनमध्ये ‘इन्व्हेस्टिंग इन व्हॉलंटियर्स’ नावाचे गुणवत्ता मानांकन आहे. तेथे परीक्षा होते ती स्वयंसेवकाची नव्हे, तर त्याला राबविणाऱ्या संस्थेची. परीक्षक कागदपत्रांवर विसंबत नाहीत, प्रत्यक्ष स्वयंसेवकांशी बोलतात; आणि मान्यता ३ वर्षांपुरतीच मिळते. आपल्याकडे २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने २ वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. तासांचा हिशेब चोख राहतो. त्या तासांनी गावाचे काय झाले, हा रकाना मात्र कोणी भरत नाही.

मानांकन ही परदेशी फॅशन आहे, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर परभणीच्या रस्त्यावरूनच दरवर्षी जाते. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडमार्गे जाते, तेव्हा तिची शिस्त पाहणारा थक्क होतो. शिवशंकरभाऊ पाटील यांच्या कारभारात या संस्थानाने हजारो सेवाधाऱ्यांना पाळी नेमून, काम वाटून देऊन सेवा घेण्याची रीत बसविली. भक्ती तेथे आहेच. पण ती वेळापत्रकावर उभी आहे.

आता गंगाखेड-पालमकडचे उदाहरण घ्यावे. या भागातील मजूर ऊसतोडीला जातात, तेव्हा मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. तेथे शिकवायला जाणारा महाविद्यालयीन तरुण सद्‌हेतूने जातो, यात शंका नाही. परंतु २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे, हे त्याला कोणी सांगितलेले असते काय? मुलांमध्ये पाठविण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका कोणी पाहतो काय? महिनाभर शिकवून परीक्षेच्या तोंडावर तो नाहीसा झाला, तर मुलांच्या नुकसानीचे उत्तर कोणाकडे मागावयाचे? पगारी शिक्षकाला हे प्रश्न आपण बिनदिक्कत विचारतो. सेवेकऱ्याच्या संस्थेला विचारताना मात्र जीभ अडखळते, आणि नेमक्या याच संकोचाचा फायदा ढिसाळ संस्थांना मिळतो.

लहान संस्थांना कागदांचे ओझे पेलणार नाही, ही भीती खरी आहे. ज्या संस्थेचे कार्यालय म्हणजे एक कपाट, तिच्याकडून जाडजूड पुस्तिकेची अपेक्षा करणे हास्यास्पद होय. तिला एक पान पुरे : काम कोणते, किती दिवस, शिकविणार कोण, खर्च कोण देणार, तक्रार कोणाकडे. त्याची प्रत स्वयंसेवकाच्या हाती असावी व दुसरी दारावर लावावी. तपासणीला सरकारी निरीक्षक नको. जिल्ह्यातील संस्थांनीच वर्षातून एकदा परस्परांकडे जाऊन स्वयंसेवकांना व लाभार्थ्यांना एकांतात विचारावे. आरंभ परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या व महाविद्यालयांच्या सेवा योजना पथकांपासून करता येईल, कारण तेथे तरुणही आहेत आणि नोंदवह्याही. त्या वह्यांत तासांच्या शेजारी आणखी एक रकाना आखण्यास कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.