पट्टा पडल्यावर आपलाच मुलूख पाहावा



कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि खोडव्याचं पहिलं पाणी उरकलं, की दरसाल आपल्या भागात सहलीचे बेत सुरू होतात. कोणी तिरुपती करून येतो, कोणी गोवा, कोणी गणपतीपुळे. हात जरा सैल असला तर काशी-अयोध्या. त्यात वावगे काहीच नाही. परंतु करकंबच्या माणसाला विचारा, की वेळापूरच्या देवळात काय आहे? "त्या रस्त्यानं पन्नासदा गेलोय, पण आत काय गेलो नाही," हेच उत्तर बहुधा मिळेल. दोन दिवस आणि एक जीप एवढ्यात आपल्या चहूबाजूंना पाहण्यासारखे काय आहे व ते कसे पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आधी एक परदेशातली हकीकत सांगतो. आयर्लंड नावाचा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण चौथाईएवढा. गवताचा, गाईगुरांचा आणि पावसाचा मुलूख. तिथेही साखर कारखाने होते, पण बीटाचे. त्यातला मॅलो गावचा शेवटचा कारखाना २००६ साली बंद पडला. त्या देशात न्यूग्रेंज म्हणून एक ठिकाण आहे. १६९९ साली तिथल्या जमीनमालकाची माणसे रस्त्यासाठी एका टेकाडाचे दगड काढू लागली, तेव्हा आत जाणारी दगडी वाट उघडी पडली. ते टेकाड म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीचे थडगे निघाले. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण त्या वाटेने थेट आतल्या खोलीपर्यंत जातो, अशी त्याची बांधणी! आज जगभरातून लोक ते बघायला जातात. त्याखेरीज तिथल्या शेतांतून मातीची जुनी गोल कडी हजारोंनी आहेत. जुन्या काळी तिथे लोक वस्ती करून राहत. त्यात अदृश्य मंडळींचा वास असतो, या धाकाने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर नांगर घातला नाही. आपण म्हसोबाच्या दगडाभोवती औत वळवून घेतो, तसेच हे. भीतीपोटी का होईना, वस्तू टिकली. पाहुणा येतो, बांधावरची शिडी ओलांडतो, गुरांचे फाटक आठवणीने लावून घेतो आणि गावात चहापाणी करून पुढे जातो.

आता आपल्याकडे वळू. करकंबहून टेंभुर्णीमार्गे निघाले, की पहिला मुक्काम भीमानगरचा, म्हणजे उजनी धरण. हे काय बघायचे, रोजचेच आहे, असे म्हणू नका. आपल्यापैकी बहुतेकांचा ऊस याच पाण्यावर उभा आहे. धरण १९८० साली पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पैकी जवळजवळ ६३ टीएमसी मृत साठा. वर्तमानपत्रात "उजनी मायनसमध्ये" असे छापून येते, ते या मृत साठ्यात पाणी उतरल्यावर. २०२४ च्या उन्हाळ्यात ते फारच खोल उतरले होते. आपल्याला त्या दिवसांत पिकाची चिंता लागते. पण नेमके तेव्हाच पाण्याखालचे एक गाव वर येते.

ते गाव म्हणजे जुने पळसदेव. इंदापूर ओलांडून भिगवणच्या वाटेला लागले की पुनर्वसन झालेले पळसदेव हमरस्त्यालाच लागते. जुने गाव पाण्यात गेले, आणि त्यासोबत पळसनाथाचे देऊळही. साठा भरपूर असला तर काहीच दिसत नाही. पाणी उतरू लागले की आधी शिखराचे टोक, मग मंडप, शेवटी ओवऱ्या आणि अंगणातले दगड दिसतात. इतकी वर्षे भरणे-उतरणे सोसूनही देऊळ उभे आहे, याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. चुना न घालता, दगडाला दगडाची खाच बसवून, वजनावर वजन तोलून हे काम होत असे. यालाच आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. मात्र त्याच्याही आधी शंभर-दोनशे वर्षे अशी देवळे बांधली जात होती, तेव्हा प्रत्येक हेमाडपंती देऊळ हेमाडपंतानेच बांधले असे समजू नये.

तिथल्या एखाद्या वयस्क माणसाशी जरूर बोला. कोणाचे घर कुठे होते, बाजार कुठे भरायचा, हे तो पाण्याकडे बोट करून दाखवील. आपल्या पाटाला पाणी आले ते कोणाच्या तरी उंबऱ्यावरून आले. आपल्या फडात उभ्या राहणाऱ्या पोराला हे एकदा तिथे नेऊन दाखवावे असे मला वाटते. पुस्तकात ते असे कळायचे नाही.

एक इशारा मात्र देतो. होडीत बसायचे तर अंगात तरंगते जाकीट हवे. आभाळ भरून आले किंवा वारा सुटला, तर काठावरूनच नमस्कार करावा. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण दगावले. देऊळ पुढच्या उन्हाळ्यातही दिसणार आहे, घाई नसावी. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यापासून रोहित पक्षी उतरतात. थंडीत सवड झाली तर तेही पाहून घ्यावेत.

परतताना अकलूजच्या अंगाने यावे. वाटेत थोडे आत वळून नीरा-नरसिंहपूर आहे. तिथे नीरा भीमेला मिळते. लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ चिरेबंदी आणि घाट मोठा आहे. अकलूजला नीरेच्या काठचा किल्ला आहे, त्यात शिवसृष्टी उभारलेली आहे. पोरांना तिथे वेळ कमी पडतो. ज्यांना आपल्या धंद्याचा इतिहास हवा, त्यांनी शेजारच्या माळीनगरावरून चक्कर मारावी. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली एकत्र येऊन तिथे साखर कारखान्याची कंपनी काढली. सहकारी कारखानदारी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, हे ध्यानात घ्यावे.

आणि मग वेळापूर. माउलींची पालखी माळशिरसहून येऊन इथे मुक्काम करते, म्हणून गाव सर्वांना ठाऊक आहे. इथले अर्धनारीनटेश्वराचे देऊळ यादवकाळातले, शिलालेख असलेले. दर्शन घ्या, पण दर्शन झाल्याबरोबर जीपकडे धावू नका. आवारात उभे केलेले कोरीव दगड आहेत. त्यातले बरेचसे वीरगळ आहेत. ते वाचायला अक्षरओळख लागत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. दगडाचे आडवे तीन-चार कप्पे केलेले असतात. सर्वांत खाली वीर आडवा पडलेला असतो, म्हणजे मेलेला. तिथेच गाई कोरलेल्या दिसल्या तर समजावे, की गावची गुरे पळवायला आलेल्या टोळीशी लढताना हा माणूस पडला. त्यावरच्या कप्प्यात लढाई असते. ढाल-तलवार, कधी घोडा. त्याच्याही वर दोन्ही बाजूंना अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन निघालेल्या असतात. अगदी वरच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर याचे नाव राहील, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की नाव बहुतेक दगडांवर कोरलेलेच नसते. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात नुसताच कोरलेला दिसला तर ती सतीशिळा.

हे एकदा कळले, की आपल्या शिवारात नजर फिरवा. मारुतीच्या पाराला टेकवलेला, विहिरीच्या थारोळ्याला लावलेला, कुठे धुणं धुवायला आडवा टाकलेला असा दगड किती गावांत आहे! शेंदराच्या पुटाखाली तर कित्येक असतील. ज्या माणसाने गावची गुरे राखताना जीव दिला, त्याच्या छातीवर आपण सतरंजी आपटतो. ठाऊक नव्हते तोवर ठीक होते.

दुसरी गोष्ट लेव्हलिंगची. पूर्वी नांगराला दगड लागला तर गडी पहारीने उकरून बांधावर टाकी. तो तिथेच राही. हल्ली जेसीबीचा एक फावडा पुरतो, आणि दगड, विटा, खापरे सगळे ओढ्यात जाते. शेतात कोरीव दगड, मूर्ती किंवा नाण्यांचे गाडगे निघाले तर काम थांबवावे, जागेवरच फोटो काढावा आणि तलाठी वा तहसीलदारांना कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जादा किमतीचा ऐवज सापडला, तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक आहे. "कळवलं की रान जातं," असे आपल्यात सर्रास म्हणतात. पण नुसती मूर्ती निघाली म्हणून जमीन सरकारजमा होत नाही. एखादी जागा संरक्षित करायचीच झाली, तर सरकारला आधी तशी नोटीस काढावी लागते आणि हरकत घ्यायला दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी पंढरपूर. तुम्ही म्हणाल, पंढरपूर आम्हाला काय दाखवता? खरे आहे. परंतु देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून एक शिळा आहे, ती सभासदाच्या नजरेने पाहिली आहे काय? तिला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत असल्याने वारकऱ्यांच्या पाठींनी तिची पुष्कळ अक्षरे झिजली. त्यावर काय लिहिले आहे? शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळात विठ्ठलाच्या देवळाला कोणी किती दान दिले, त्याची यादी! राजा रामचंद्रदेव आणि त्याचा मंत्री हेमाद्री त्यात आहेत, तशीच साधी माणसेही आहेत. देवाला रोज फुले वाहिली जावीत म्हणून ठेवलेली रक्कमसुद्धा त्यात नोंदलेली आहे. आपल्या भागधारकांच्या वहीची सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीची बहीणच म्हणा ना.

महाद्वारी नामदेवाची पायरी आणि समोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना दरड कोसळून गेले. ज्या दारातून त्यांना आत जाता आले नाही, ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये याच पंढरपुरात उपोषण केले. पायरीला हात लावताना पोरांना हेही सांगावे.

याच देवळात २०२४ साली जीर्णोद्धाराचे मोठे काम झाले. मागाहून बसवलेल्या फरशा आणि रंगाचे थर काढून मूळ काळा दगड मोकळा करण्यात आला. मे महिन्याच्या अखेरीस फरशीखाली एक तळघर लागले, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. यावरून आपल्या गावोगावच्या जीर्णोद्धार कमिट्यांनी काही घेण्यासारखे आहे. आपण हौसेने वर्गणी काढतो आणि जुन्या देवळाला गुलाबी ऑइलपेंट मारतो, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसवतो. दगडाला आतून ओल येत असते, ती बाहेर पडायला वाट लागते. तैलरंगाने ती वाट बंद झाली की ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटने सांधे भरल्यावरही तेच होते. साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुतले तरी देऊळ उजळते, आणि वर्गणी शिल्लक राहते ती वेगळीच.

वेळ उरला तर मोडनिंबजवळचे अरण करावे. सावता महाराजांची समाधी तिथे आहे. ते आपल्याच बिरादरीतले, म्हणजे मळा करणारे. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असे सांगतात. म्हणून इतर संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात, आणि अरणला मात्र विठ्ठलाचीच पालखी जाते. समाधीचे साल १२९५. चौऱ्याऐंशीचा लेख कोरला जात होता तेव्हा हा माणूस तिथून काही कोसांवर भाजीच्या वाफ्यांना पाणी देत होता!

परतीची वेळ अशी धरा, की करकंबला बाजाराच्या दिवशी भुकेच्या वक्ताला पोचाल. आपली बाजार आमटी लांबलांबचे लोक वाट वाकडी करून खायला येतात, आणि आपण पाहुण्याला हॉटेलात पनीर खिलवतो. चार-पाच डाळी एकत्र शिजवलेल्या, काळ्या मसाल्याची, वर तर्री आलेली, पातळ. चमच्याने खायची नव्हे. ताटात भाकरी चुरायची, वर आमटी ओतायची, कांदा बुक्कीने फोडायचा. लहान पोरांना जरा तिखट लागते, त्यांच्यासाठी दही आधीच मागून ठेवावे.